चाक मोठे, टायर रुंद: त्र्यंबकच्या रस्त्यावरचा हिशेब

नाशिकहून त्र्यंबकेश्वरला जाणारा रस्ता जेमतेम 28-30 किलोमीटरचा. तो सातपूर औद्योगिक वसाहतीला लागून निघतो. त्याच वसाहतीत सिएटचा टायर कारखाना आहे आणि महिंद्राचा मोटारींचाही. पुढे महिरावणी, अंजनेरी मागे पडतात आणि रस्ता ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी पोहोचतो. एवढ्याशा अंतरात पावसाचे मान मात्र पार बदलते. नाशिक शहरात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्र्यंबकला तो दोन हजारांच्या वर जातो. म्हणजे शहरातून निघालेली गाडी अर्ध्या-पाऊण तासात तिप्पट पावसाच्या मुलखात शिरते. तिथून घोटीकडे, हरसूलकडे किंवा मोखाडा-जव्हारकडे वळली, तर रस्ता अरुंद होतो, साइडपट्टी खचलेली असते आणि श्रावणात डांबराला जागोजाग खड्डे पडलेले असतात. गाडीला रुंद टायर आणि मोठी अलॉय चाके घालावीत की नाही, हा प्रश्न बहुधा टायरच्या दुकानात, चकचकीत रिम समोर टांगलेल्या असताना विचारला जातो. त्याचे उत्तर मात्र दुकानाबाहेरच्या रस्त्यावर शोधायला हवे. या लेखाचे म्हणणे थोडक्यात असे: टायरच्या मापात मोठे म्हणजे चांगले असा सरळ हिशेब नसतो. रुंदी किंवा रिम वाढवली की दुसरीकडे काहीतरी कमी होतेच, आणि त्र्यंबकसारख्या भागात जे कमी होते तेच जास्त मोलाचे असते.

आधी टायरच्या बाजूवर छापलेले आकडे समजून घेऊ. 165/80 आर 14 या मापात 165 म्हणजे टायरची मिलिमीटरमधली रुंदी. 80 म्हणजे टायरच्या उभ्या बाजूची, साइडवॉलची, उंची. ती रुंदीच्या 80 टक्के. आर हे अक्षर टायर रेडियल असल्याचे सांगते आणि 14 हा रिमचा इंचांमधला व्यास. या तीन आकड्यांवरून चाकाचा एकूण व्यास काढता येतो: रिमचा व्यास अधिक साइडवॉलच्या उंचीची दुप्पट. इथे 14 इंच म्हणजे 355.6 मिलिमीटर आणि साइडवॉल 132 मिलिमीटर, म्हणून एकूण व्यास सुमारे 620 मिलिमीटर. मारुती स्विफ्टच्या खालच्या व्हेरिएंटला हे माप मिळत आले आहे. त्याच गाडीच्या वरच्या व्हेरिएंटला 185/65 आर 15 मिळतात. रुंदी 20 मिलिमीटरने वाढली, रिम एक इंचाने वाढली, पण हिशेब केला तर एकूण व्यास सुमारे 621 मिलिमीटरच येतो. बलेनोच्या वरच्या व्हेरिएंटचे 195/55 आर 16 घेतले तरीही 621. यात योगायोग काही नाही. रिम जेवढी वाढवली तेवढीच रबराची उंची कंपनीने कमी केली. त्या उंचीचा क्रम पाहा: 14 इंची रिमवर 132 मिलिमीटर, 15 वर 120, 16 वर 107. आणि हौशी लोक जे 205/45 आर 17 घालतात, त्यात उरते फक्त 92. मोठे चाक म्हणताना आपल्या डोळ्यांसमोर धातू असतो. बाहेरून चाक तेवढेच राहते. आतला धातू वाढतो आणि रबर व हवा कमी होते.

आता रुंदीबद्दल. रुंद टायरचे जास्त रबर रस्त्याला टेकते आणि म्हणून पकड वाढते, असे बहुतेकांना वाटते. गणित काही वेगळेच सांगते. माणसे आणि सामान धरून गाडीचे वजन 1,200 किलो धरू. प्रत्येक चाकावर साधारण 300 किलो येतात. टायरमध्ये 32 पौंडांचे प्रेशर असेल, तर ते दर चौरस सेंटीमीटरला सव्वादोन किलो होते. 300 ला सव्वादोनने भागले की सुमारे 133 चौरस सेंटीमीटर येतात. टपाल खात्याच्या पोस्टकार्डाचे क्षेत्रफळ साधारण एवढेच असते, आणि गाडीचे एक चाक रस्त्याला धरून असते ते तेवढ्याच जागेवर. साइडवॉलच्या ताठपणामुळे हा आकडा थोडा इकडेतिकडे होतो, पण मूळ गोष्ट बदलत नाही. वजन तेच आणि प्रेशर तेच, तर टेकलेली जागाही जवळपास तेवढीच राहते. रुंद टायरमध्ये बदलतो तो तिचा आकार. 165 च्या टायरखाली ती अंदाजे साडेबारा सेंटीमीटर रुंद आणि साडेदहा सेंटीमीटर लांब असेल, तर 195 च्या टायरखाली ती साडेपंधरा सेंटीमीटर रुंद आणि साडेआठ सेंटीमीटर लांब होते.

या आकाराचा फायदा खरा आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. वळणावर गाडी बाहेरच्या बाजूला ओढली जाते तेव्हा आडवी पसरलेली जागा ती ओढ अधिक समतोलपणे पेलते. त्यातच साइडवॉल बुटकी असली की ती कमी वाकते आणि स्टेअरिंग फिरवल्याबरोबर गाडी वळते. कोरड्या, गुळगुळीत रस्त्यावर, वेगात असताना हा फरक हातांना जाणवतो. शर्यतीच्या गाड्यांना रुंद टायर असतात त्यामागे हे एक कारण आहे. दुसरे असे की रुंद टायरमध्ये उष्णता पसरायला जास्त रबर मिळते, म्हणून तिथे मऊ, चिकट मिश्रण वापरता येते. बाजारात घेतलेल्या रुंद टायरबरोबर हे मऊ मिश्रण आपोआप येत नाही. पकड कशी आहे हे रुंदीपेक्षा रबराच्या मिश्रणावर आणि खाचांच्या रचनेवर जास्त अवलंबून असते. चांगल्या प्रतीचा 185 चा टायर आणि स्वस्तातला 205 चा टायर यांत ओल्या रस्त्यावर गाडी आधी थांबवणारा बहुधा पहिलाच असेल.

ओल्या रस्त्याची गोष्ट निघालीच आहे, तर ती नीट पाहू, कारण त्र्यंबकला वर्षाचे चार महिने हाच मुख्य प्रश्न असतो. रस्त्यावर पाच मिलिमीटर पाणी साचले आहे आणि गाडी ताशी 80 किलोमीटरने जात आहे असे समजा. साडेबारा सेंटीमीटर रुंदीच्या टेकलेल्या जागेसमोरून दर सेकंदाला सुमारे 14 लिटर पाणी हटवावे लागते. साडेपंधरा सेंटीमीटर रुंदी असेल तर 17 लिटर. आणि रुंद टायरची टेकलेली जागा लांबीला कमी असल्यामुळे पाणी हटवायला त्याला वेळही कमी मिळतो. काम जास्त, वेळ कमी. पाणी पुरेसे हटले नाही की ते टायर आणि डांबर यांच्यामध्ये पाचरीसारखे घुसते आणि चाक त्यावर तरंगते. त्या क्षणी स्टेअरिंग हलके लागते आणि ब्रेकचा उपयोग होत नाही. अमेरिकेतल्या नासा संस्थेत वॉल्टर हॉर्न आणि रॉबर्ट ड्रेहर यांनी 1963 मध्ये विमानांच्या टायरवर याचा पद्धतशीर अभ्यास मांडला. खाचांना पेलणार नाही इतके पाणी साचले असेल, तर चाक कोणत्या वेगाला तरंगू लागते हे टायरमधल्या प्रेशरच्या वर्गमुळावर ठरते, असे त्यांनी दाखवले. त्यांच्या सूत्राने 32 पौंडांवर हा वेग ताशी 94 किलोमीटरच्या आसपास येतो आणि प्रेशर 24 वर घसरले असेल, तर 82. पुढे 1980 च्या दशकात हॉर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या हिशेबात टेकलेल्या जागेच्या आकाराचाही समावेश केला: ती जितकी रुंद आणि आखूड, तितके चाक लवकर तरंगते. मोटारीच्या टायरच्या खाचा हा वेग वाढवतात हे खरे, पण त्या झिजत गेल्या की तो फायदाही झिजत जातो. आपल्याकडे मोटारीच्या टायरसाठी खाचांच्या खोलीची कायदेशीर किमान मर्यादा 1.6 मिलिमीटर आहे. त्र्यंबकच्या पावसाळ्यात तीन मिलिमीटरला टायर बदलणे शहाणपणाचे, आणि टायर रुंद असेल तर ते अधिकच गरजेचे.

इथे एक रास्त आक्षेप येतो. रुंद टायरला खाचाही रुंद आणि जास्त असतात, मग तो पाणी का काढणार नाही? उत्तम कंपन्यांचे रुंद टायर खरोखरच चांगले पाणी काढतात, विशेषतः नवे असताना. पण तुलना सारख्यांत करायला हवी. त्याच कंपनीच्या, त्याच नक्षीच्या, सारख्याच झिजलेल्या दोन टायरांत जो अरुंद असेल तो पाण्यावर उशिरा तरंगतो. रुंदी वाढवून झालेला तोटा महागड्या नक्षीने भरून काढता येतो, पण मग त्या नक्षीची झीज आणि टायरचे प्रेशर यांकडे सतत लक्ष ठेवावे लागते. ज्यांच्या गाडीचे प्रेशर महिनोन्‌महिने तपासले जात नाही, त्यांना अरुंद टायरच अधिक सांभाळून घेतो.

दुसरा मोठा मुद्दा साइडवॉलच्या उंचीचा. टायरमध्ये भार पेलणारी खरी गोष्ट म्हणजे कोंडलेली हवा. रबर आणि आतले दोरे तिला आकार देतात. चाक खड्ड्यात आपटते तेव्हा साइडवॉल दबते आणि धक्का पोटात घेते. ती 132 मिलिमीटर असेल तर दबायला जागा भरपूर असते. 92 मिलिमीटर असेल तर ती जागा तीस टक्क्यांनी घटते, आणि खड्ड्याची धार व रिमची कड यांच्यामध्ये रबर चेपले जाते. मग आतले दोरे तुटतात आणि काही दिवसांत टायरला बाजूने फुगा येतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, तो टाकूनच द्यावा लागतो, आणि तसाच चालवला तर कधीही फुटू शकतो. मोखाड्याकडे उतरणाऱ्या घाटात समोरून एसटी आली की गाडी डांबराच्या कडेला घ्यावी लागते आणि डावे चाक खचलेल्या साइडपट्टीच्या धारेवरून खाली उतरते. अशी धार साइडवॉलवरच घाव घालते. जुन्या पोलादी रिमला खड्ड्याने पोचा आला, तर टायरवाला हातोडीने ठोकून ती कामापुरती सरळ करून देत असे. अलॉय रिमला तडा जातो, आणि तडा गेलेली रिम वेल्डिंग करून पुन्हा घालणे धोक्याचे असते. हरसूलच्या पुढे रात्री पावसात अशी वेळ आली तर जोडीला दुसरी रिम मिळणार नाही. अशा वेळी डिकीतल्या स्टेपनीवरच भिस्त असते आणि तिचे एकूण माप बाकीच्या चाकांशी जुळायलाच हवे.

भाराचा हिशेबही याच हवेशी जोडलेला आहे. टायरवर मापाच्या पुढे एक आकडा असतो, तो भारांक. 85 म्हणजे एक टायर 515 किलो पेलतो, 88 म्हणजे 560, 84 म्हणजे 500. स्विफ्टच्या 165/80 आर 14 चा भारांक 85 असतो. साध्या 205/45 आर 17 चा 84. रिम तीन इंचांनी मोठी झाली, टायर 40 मिलिमीटरने रुंद झाला आणि भार पेलण्याची क्षमता मात्र थोडी घटली, कारण आत हवेला जागा कमी उरली. स्विफ्टच्या वजनाला 500 किलोही पुरतात, पण सात माणसे आणि टपावर सामान घेऊन शिर्डी, नाशिक करत त्र्यंबकला येणाऱ्या मोठ्या गाडीच्या बाबतीत हा आकडा न पाहता टायर घेणे चुकीचेच. बुटका टायर घ्यायचा असेल तर जादा भाराचा, एक्स्ट्रा लोड असे लिहिलेला घ्यावा आणि त्याला लागणारे जास्त प्रेशर ठेवावे. असे केले की बसणाऱ्यांना धक्के अधिक जाणवतात, आणि ज्या आरामासाठी मोठी गाडी घेतली तो आराम कमी होतो.

आता चाकाचा एकूण व्यासच वाढवला तर काय होते ते पाहू. बोलेरो, थार अशा गाड्यांच्या बाबतीत हा मोह जास्त असतो. बोलेरोचे मूळ माप 215/75 आर 15, व्यास 703 मिलिमीटर. त्याच रिमवर 235/75 बसवले की व्यास 733 होतो, म्हणजे सव्वाचार टक्के जास्त. स्पीडोमीटर चाकाच्या फेऱ्या मोजतो, त्याला नवा व्यास माहीत नसतो. तो ताशी 80 दाखवत असताना गाडी 83 च्या पुढे असते. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमांत स्पीडोमीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी वेग कधीही दाखवू नये असे तत्त्व आहे. टायर वाढवला की आपण नेमके त्याविरुद्ध वागतो. अॅव्हरेज घसरले म्हणून लोक तक्रार करतात, त्यातलाही काही भाग इथून येतो. गाडी 10,000 किलोमीटर धावली तरी मीटर 9,600 च दाखवतो, म्हणून कागदावर अॅव्हरेज चार टक्क्यांनी पडते. उरलेली घसरण खरी असते: चाक जड झाले, हवेचा अडथळा वाढला, वेग घ्यायला इंजिनाला जास्त जोर लागला. चाकाची त्रिज्या वाढली की घाट चढताना गाडी ओढायला कमी पडते आणि उतरताना तेवढाच वेग कमी करायला ब्रेक जास्त दाबावा लागतो. त्र्यंबकच्या आसपास घाट उतरणे हे रोजचेच काम, तिथे ब्रेक आधीच तापलेले असतात.

यावर असे म्हटले जाते की मोठ्या टायरने गाडी जमिनीपासून उंच होते आणि खराब रस्त्यावर ते हवेच असते. उंची वाढते हे खरे, पण व्यासाच्या वाढीच्या निम्मीच. 30 मिलिमीटर व्यास वाढला तर गाडी 15 मिलिमीटर वर उचलली जाते. दीड सेंटीमीटरने एखादा दगड चुकेलही, पण त्यासाठी स्पीडोमीटर, गिअर, ब्रेक यांचा मेळ बिघडवणे परवडणारे नाही, आणि गाडीचा गुरुत्वमध्यही तेवढाच वर जातो. शिवाय मडगार्डच्या आतली जागा कंपनीने मोजून ठेवलेली असते. स्टेअरिंग पूर्ण वळवले किंवा गाडी भरलेली असताना खड्ड्यात दबली की मोठा टायर आत घासतो. ते टाळायला काही जण चाक बाहेर काढणारी रिम किंवा मध्ये स्पेसर घालतात. चाक जितके बाहेर जाईल तितका बेअरिंगवर आणि स्टेअरिंगच्या सांध्यांवर ताण वाढतो. म्हणून एकूण व्यास मूळच्या तीन टक्क्यांच्या आत, शक्य तर त्याहूनही जवळ ठेवावा, आणि रिमचा ऑफसेट, म्हणजे चाक किती आत-बाहेर बसते ते माप, कंपनीच्या मापाशी जुळता ठेवावा.

चिखलाबद्दलही एक समज आहे की रुंद टायर चिखलात रुतत नाही. वाळूत आणि खोल, तळ नसलेल्या चिखलात हे बरोबर आहे. त्र्यंबक भागातला चिखल बहुधा वेगळा असतो: वर लाल मातीचा थर आणि खाली मुरूम किंवा काळा खडक. इथे अरुंद टायर वरचा थर कापून खालच्या टणक तळाला पोहोचतो आणि तिथे पकड मिळवतो. रुंद टायर वरच घसरत राहतो. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपला सहा इंची रुंदीचे अरुंद टायर होते आणि ती जगभरच्या चिखलातून गेली. महिंद्राने भारतात आपला वाहनउद्योग उभारला तो त्याच जीपवर. आजही बर्फावरच्या मोटार-रॅलीत मुद्दाम अरुंद टायर वापरतात, तेही याच कारणाने. अरुंद टायर म्हणजे जुनाट तंत्र असेही नाही. बीएमडब्ल्यूने 2013 मध्ये आय 3 ही विजेवरची गाडी आणली तेव्हा तिला 19 इंची चाके दिली, पण टायर होते फक्त 155 मिलिमीटर रुंद. एका चार्जिंगमध्ये गाडी जास्त लांब जावी म्हणून त्यांनी व्यास वाढवला आणि रुंदी आवळली.

सर्वांत वजनदार आक्षेप असा: कंपनी स्वतःच महागड्या व्हेरिएंटला मोठी चाके देते, मग ती वाईट कशी? त्या चाकांत वाईट काहीच नाही, आणि त्यातच या प्रश्नाचे खरे उत्तर आहे. कंपनी मोठी रिम देते तेव्हा एकूण व्यास राखते, स्प्रिंग आणि शॉक अॅब्सॉर्बर त्या चाकाला जुळवते, एबीएस आणि गाडी स्थिर ठेवणाऱ्या यंत्रणांची चाचणी त्याच मापावर घेते. मोठ्या रिमच्या आत मोठी ब्रेक डिस्क बसते, मोठ्या चाकांमागचे हे एक जुने अभियांत्रिकी कारण. बाजारातून फक्त रिम आणली तर आत डिस्क जुनीच राहते, फायदा निघून जातो आणि वजन उरते. म्हणून खालच्या व्हेरिएंटच्या मालकाला एक पायरी वर जायचेच असेल, तर त्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरिएंटचे माप हा सर्वांत सुरक्षित बदल. वॅगनआरच्या 155/80 आर 13 वरून 165/70 आर 14 वर गेल्यास व्यासात दीड टक्काच फरक पडतो आणि ते माप कंपनीनेच त्या गाडीवर वापरलेले आहे. मूळ टायर अॅव्हरेज आणि किंमत यांसाठी जरा जास्तच अरुंद दिले जातात, ही तक्रार काही गाड्यांच्या बाबतीत रास्त आहे, आणि एका पायरीचा हा बदल तिला पुरेसे उत्तर देतो. दोन-तीन पायऱ्या वर गेल्यास मात्र कंपनीच्या चाचणीचा आधार सुटतो. कायद्याचा मुद्दाही इथेच येतो. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही, जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही मूळ रचना न बदलण्याचे बंधन अधोरेखित केले, आणि नियमबाह्य बदलाला दर बदलामागे 5,000 रुपये दंडाची किंवा कैदेची तरतूद आहे. अपघातानंतर विम्याच्या दाव्यात वाद नको असेल, तर कंपनीच्या मापात राहणे हीच मोठी सोय.

रस्ते सुधारत आहेत, मग खड्ड्यांची भीती किती दिवस बाळगायची, असेही कोणी विचारेल. सिंहस्थ कुंभमेळा जवळ आला की नाशिक-त्र्यंबक परिसरात रस्त्यांची कामे निघतात. 2015 ला निघाली, 2026-27 साठीही निघाली. मुख्य रस्ता चांगला होतो यात शंका नाही. पण चांगल्या रस्त्यावर वेग वाढतो आणि धक्क्याची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. ताशी 40 ने बसणाऱ्या धक्क्यापेक्षा 80 ने बसणारा चौपट. चांगल्या रस्त्यावर उरलेला एकच खड्डा म्हणूनच बुटक्या टायरला अधिक धोक्याचा ठरतो. शिवाय पाऊस दरवर्षी तेवढाच पडणार आहे, आणि पहिने, हरसूल, मोखाडा या बाजूंचे रस्ते मुख्य रस्त्याच्या मागेच राहणार आहेत.

मोठ्या चाकांची हौस ही काही हलकी गोष्ट नाही. गाडी हे अनेक कुटुंबांचे वर्षानुवर्षांच्या कमाईतून आलेले धन असते आणि ती देखणी दिसावी असे वाटणे स्वाभाविक आहे. ती हौस एका पायरीत भागवता येते. त्यापुढे खर्च करायचा तो असा करावा: सर्वांत आधी चांगल्या कंपनीचे, ओल्या रस्त्यावर पकड देणारे, अलीकडच्या महिन्यांत बनलेले चार सारखे टायर. बाजूवरच्या चार आकड्यांपैकी पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात, ते दुकानात वाचून घ्यावेत. मग व्हील अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग, मग भरलेल्या गाडीसाठी दाराच्या चौकटीवर लिहिलेले प्रेशर, आणि रिम घ्यायचीच असेल तर तिच्यावरची भारमर्यादा आणि आयएसआय चिन्ह. 17 इंची चाकांचा संच घ्यायला लागणाऱ्या पैशांत 15 इंची उत्तम टायर येतात आणि पुढच्या झिजेसाठी रक्कमही उरते. पावसाळ्यात मोखाड्याचा घाट उतरताना ब्रेक दाबला की गाडी किती मीटरवर थांबते, हे त्या पोस्टकार्डाएवढ्या जागेतल्या रबराच्या प्रतीवर, खाचांच्या खोलीवर आणि प्रेशरवर ठरते. रिमचा इंच त्या मीटरांत भर घालू शकतो. ते कमी करण्याची हमी मात्र तो देत नाही. म्हणून या भागात गाडी चालवणाऱ्याने टायरची रुंदी कंपनीने ठरवलेली, रबर आपल्याला परवडेल तितके उत्तम आणि साइडवॉल शक्य तितकी उंच ठेवावी.